हवाई दलातून ए-३२०च्या उजव्या सीटवर: आधी लॉगबुक, मग बाकी सगळं

दर दोन-तीन महिन्यांनी एक फोन येतो, हवाई दल सोडून एअरबस ए-३२०सारख्या प्रवासी विमानाच्या उजव्या, म्हणजे को-पायलटच्या, सीटवर जाऊ पाहणाऱ्या वैमानिकाचा. आवाज नवा, सुरुवात जुनीच. "सर, पेपर्स टाकलेत. आता काय करू?" याचं खरं उत्तर "दोन वर्षांपूर्वी फोन करायचा होतास" हे आहे, पण ते तोंडावर बोलवत नाही. म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतो. पुढच्या फोनला हेच पाठवणार.

मी साताऱ्याच्या सैनिक स्कूलचा. मग खडकवासला, दुंडिगल, यलहंका इथलं प्रशिक्षण आणि त्यानंतर जवळजवळ सगळी नोकरी एएन-३२ या मालवाहू विमानावर. विंग कमांडर म्हणून बाहेर पडलो तेव्हा वय ४३ आणि तास ४ हजारांच्या वर. एवढे तास म्हटल्यावर विमान कंपनी लाल गालिचा अंथरेल, असं मलाही वाटलं होतं. कंपनीला तास हवे असतात, यात शंका नाही. फक्त ते तास डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, भाषेत लिहिलेले हवे असतात. आपली निम्मी शक्ती या भाषांतरात जाते, उडण्यात नाही.

लॉगबुक

माझी पाच लॉगबुकं, म्हणजे उड्डाणाच्या तासांच्या नोंदवह्या, होती. पुण्याच्या घरी जेवणाच्या टेबलावर ती पसरली, बायकोने कॅल्क्युलेटर घेतला, मी पेन्सिल घेतली आणि तीन रविवार त्यात गेले. तिसऱ्या वहीत एका महिन्याचे रात्रीचे ७ तास २० मिनिटं पुढच्या पानावर नेताना १ तास २० मिनिटं झाले होते. माझंच अक्षर, माझीच चूक. वर फ्लाइट कमांडरची सही. त्या सहा तासांनी माझं काही अडलं नसतं, पण बेरीज जुळत नाही म्हटल्यावर तपासणारा माणूस पुढच्या प्रत्येक आकड्याकडे संशयाने बघतो. दुरुस्तीसाठी जुन्या स्क्वाड्रनला पत्र, तिथून उत्तर, पुन्हा पत्र, असे अडीच महिने गेले. सही करणारे गृहस्थ एव्हाना निवृत्त होऊन गावी शेती करत होते.

म्हणून पहिलं काम हे. नोकरीत असतानाच, शक्यतो फ्लाइंग युनिटमध्ये असतानाच, सगळी लॉगबुकं पहिल्या पानापासून एका तक्त्यात उतरवून घ्या. दिवस, रात्र, ड्युअल (प्रशिक्षकासोबत), कॅप्टन म्हणून, सेकंड पायलट म्हणून, क्रॉस-कंट्री, खरं इन्स्ट्रुमेंट (बाहेर न दिसता फक्त उपकरणांवर उडवलेलं), सिम्युलेटरवरचं इन्स्ट्रुमेंट, एक इंजिन, अनेक इंजिनं, असे वेगवेगळे रकाने करा. आपल्याकडचा कॅप्टन म्हणजे तिकडचा पायलट-इन-कमांड. तो सीटवरून ठरत नाही, ऑथरायझेशनवरून, म्हणजे उड्डाणाच्या लेखी परवानगीवरून ठरतो. प्रशिक्षक उजवीकडे बसूनही कॅप्टन असतो, हे आपल्याला सांगावं लागत नाही. पण कागद वाचणाऱ्याला ते दिसलं पाहिजे. शंका आली तर मूळ ऑथरायझेशन बुक युनिटमध्येच असतं आणि तिथेच पडताळता येतं. मेसमधून सामान हललं की ते दार बंद झालं.

वेळेची व्याख्याही बघून ठेवा. नागरी नियमात उड्डाणाचा वेळ विमान उड्डाणासाठी स्वतःच्या ताकदीने हललं तिथपासून ते शेवटी थांबलं तिथपर्यंत मोजतात. तुमच्या वहीत चाकं सुटण्यापासून टेकण्यापर्यंतचा वेळ असेल, तर आहे तोच आकडा दाखवा. मनाने दहा-दहा मिनिटं वाढवत बसू नका. मी एकाला हे करताना पाहिलं आहे, आणि नंतर ते सगळं खोडताना पाहिलं आहे.

आता आकडे. सीपीएल म्हणजे व्यावसायिक परवान्यासाठी एकूण २०० तास, त्यातले १०० पायलट-इन-कमांड. हे ऐकून आपण हसतो. पण या १०० मध्ये १५ तास अर्जाआधीच्या ६ महिन्यांतले हवेत, आणि इथे हसू थांबतं. शेवटची पोस्टिंग मुख्यालयातल्या टेबलावर झाली असेल तर ४ हजार तासांचा माणूस १५ तासांसाठी अडतो. त्यामुळे पेपर्स टाकण्याची तारीख ठरवताना शेवटचं उड्डाण कोणत्या महिन्यात पडेल ते आधी बघा. ट्रान्सपोर्ट पायलटचा वरचा परवाना म्हणजे एटीपीएल, त्याला १५०० तास आणि वयाची २१ वर्षं लागतात. ट्रान्सपोर्टवाल्यांना तासांची अडचण नाही. लढाऊ विमानावरची सॉर्टी, म्हणजे एक उड्डाण, तासाभराच्या आतबाहेर संपते, त्यामुळे तिकडच्यांचा आकडा वर्षांच्या मानाने कमी दिसतो आणि बहुतेक वेळ एकट्याने उडवलेला असतो. नियम अधूनमधून बदलतात. अर्ज कराल त्या आठवड्यात डीजीसीएच्या संकेतस्थळावरची विमान नियमांची अनुसूची २ स्वतः वाचा. मित्राने व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोवर विसंबू नका.

नाव

हा परिच्छेद खास मराठी माणसांसाठी. आपल्या बोर्डाच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग आपलं नाव, मग वडिलांचं. सर्व्हिस रेकॉर्डमध्ये क्रम उलटा, पासपोर्टवर तिसराच, आणि आधारवर वडिलांच्या नावाचं एकच अक्षर. डीजीसीएचा कॉम्प्युटर नंबर (परीक्षार्थीचा क्रमांक) काढताना दहावीचं प्रमाणपत्र लागतं आणि तिथे पडलेलं नाव पुढे सगळ्या कागदांना चिकटतं. हा नंबर घेण्याआधी एक शपथपत्र आणि आवश्यक वाटलं तर राजपत्रातली नोंद, हे उरकून घ्या. माझ्या नावातल्या एका जोड-अक्षराचं स्पेलिंग दोन ठिकाणी वेगळं होतं. तेवढ्यावर एक अर्ज परत आला.

परीक्षा

नोकरीत असताना परवानगी घेऊन परीक्षा देता येतात. द्याव्यातच, कारण पगार चालू असताना नापास होणं स्वस्त पडतं. एअर नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, एअर रेग्युलेशन्स आणि तांत्रिक विषय, प्रत्येकाला पासिंग ७० टक्के. लष्करी वैमानिकांना काही बाबतींत सूट मिळते, पण ती कशातून मिळते आणि तुमच्या अनुभवाला लागू होते का, हे डीजीसीएकडून लेखी घ्या. एअर रेग्युलेशन्स मात्र सुटत नाही, असं समजूनच अभ्यासाला बसा.

मी नेव्हिगेशनमध्ये पहिल्यांदा नापास झालो. ६४. एएन-३२वर आपल्या मागे नेव्हिगेटर बसतो, आणि वीस वर्षं दुसऱ्याने काढलेला आकडा वाचण्याची सवय लागली की स्वतः कन्व्हर्जन्सी (दोन रेखावृत्तांमधला कोन) काढताना घाम फुटतो. शेवटी बारामतीला सीपीएल केलेल्या पुतण्याकडून शिकलो. तो २३ वर्षांचा. "काका, तुम्ही उत्तर अंदाजाने काढता," म्हणाला, "आणि अंदाज बरोबर असतो, पण चारही पर्याय त्या अंदाजाच्या आसपासच दिलेले असतात." इतकं नेमकं निदान माझ्या कुठल्याही प्रशिक्षकाने केलं नव्हतं. त्यानंतर रोज पहाटे दोन तास, फ्लाइट कॉम्प्युटर (वैमानिकांची गोल हिशोबपट्टी) हातात, मोबाईल दुसऱ्या खोलीत.

रेग्युलेशन्सचा अडसर वेगळा. तिथे समजून घेण्यासारखं कमी आणि पाठ करण्यासारखं फार. १९४४चा शिकागो करार, त्याची १९ परिशिष्टं, कुठलं परिशिष्ट कशाचं: १ परवान्यांचं, २ हवेतल्या नियमांचं, ६ विमान चालवण्याचं, १४ विमानतळांचं. आपण लष्करी विमानतळावरून उडताना यातलं बरंचसं पाळत होतो, फक्त त्याला नाव माहीत नव्हतं.

रेडिओची आरटीआर परीक्षा वेगळी आहे. पूर्वी ती दूरसंचार खातं घेई. २०२४च्या भारतीय वायुयान अधिनियमाने ती डीजीसीएच्या अखत्यारीत आणली. आपले लोक इथे गाफील राहतात. "रेडिओ काय, रोजच बोलतो" म्हणत जातात आणि लष्करी तोडक्या भाषेत बोलून येतात. जिवावरचं संकट असेल तर मेडे तीनदा, त्याहून कमी असेल तर पॅन पॅन तीनदा, मग कोणाला, कोण, काय झालं, काय करणार, कुठे आहोत, हा क्रम घरच्यांसमोर मोठ्याने म्हणा. आमच्या घरी महिनाभर चहाला उशीर झाला की मुलगी "पॅन पॅन" ओरडायची.

वैद्यकीय

हवाई दलातली ए-वन जी-वन ही पूर्ण तंदुरुस्तीची श्रेणी असली तरी नागरी क्लास-१ वेगळं काढावं लागतं. आधी क्लास-२, मग क्लास-१. दिल्लीचं एएफसीएमई (हवाई दलाचं वैद्यकीय तपासणी केंद्र) किंवा बंगळूरचं एरोस्पेस मेडिसिनचं इन्स्टिट्यूट, म्हणजे जागा ओळखीच्याच. टर्बोप्रॉपच्या (पंख्याच्या इंजिनाच्या) शेजारी वीस वर्षं बसलेल्यांनी ऑडिओग्राम, म्हणजे कानांची तपासणी, आधी खासगीत करून बघावा. वरच्या पट्टीतलं ऐकू येणं कमी झालेलं असतं आणि ते आपल्याला कळत नाही, बायकोला कळतं. तपासणीच्या आदल्या दिवशी उड्डाण नको, लग्नाची वरात तर नकोच.

दोन टनांचं विमान

एएन-३२ आपल्या नागरी परवान्यावर चढत नाही. त्यामुळे बहुतेकजण एखाद्या फ्लाइंग स्कूलमध्ये छोट्या दुहेरी इंजिनाच्या विमानावर मल्टि-इंजिन आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग (परवान्यावर नोंदवायची पात्रता) करतात. हवाई दलातलं इन्स्ट्रुमेंट उड्डाणाचं मास्टर ग्रीन कार्ड कितीही अभिमानाचं असलं तरी डीजीसीएच्या खिडकीवर त्याचं नागरी इन्स्ट्रुमेंट रेटिंग आपोआप होत नाही.

२७ टनांच्या विमानातून दोन टनांच्या विमानात बसल्यावर पहिल्या तीन लँडिंगमध्ये मी धावपट्टीच्या बऱ्याच वरच फ्लेअर केला, म्हणजे टेकण्यासाठी नाक उचललं. डोळ्यांना जमीन जिथे दिसायची सवय होती, तिथे जमीनच नव्हती. विमान तरंगत राहिलं. शेजारचा प्रशिक्षक सव्वीस वर्षांचा. तो अदबीने गप्प बसला आणि मला ते जास्त लागलं. तिथे एक गोष्ट मी केली, तुम्हीही करा. पहिल्याच दिवशी त्याला सांगून टाका: "इथे मी विद्यार्थी आहे. चुकलं की लगेच बोला." हे सांगितलं नाही तर आपली रँक दोघांच्या मधे तिसऱ्या माणसासारखी बसून राहते.

कुठलं विमान, कोणाच्या पैशाने

आपल्या देशात ए-३२० कुटुंबाची विमानं सगळ्यात जास्त आहेत, त्याखालोखाल बोइंग ७३७. नौदलात पी-८आय हे टेहळणी विमान उडवलेल्यांना ७३७चं कॉकपिट ओळखीचं वाटतं, कारण मुळात ते विमान ७३७-८००वरूनच घडवलं आहे. एएन-३२वाल्याच्या हाताला एटीआर हे टर्बोप्रॉप प्रवासी विमान जवळचं वाटेल. मी ए-३२० निवडलं, कारण जागा तिथे होत्या.

पैशाबद्दल माझं मत ठाम आहे. निवड आधी, रेटिंग नंतर. कंपनीने निवडल्याचं पत्र हातात नसताना पेन्शनच्या कम्युटेशनचे पैसे टाइप रेटिंगमध्ये (ठरावीक जातीचं विमान उडवण्याच्या पात्रतेत) घालू नका. माझ्या कोर्समेटने एका मध्यस्थाच्या "रेटिंग करा, नोकरी पक्की" या बोलीवर विश्वास ठेवला. रेटिंग झालं, नोकरी आली नाही. प्रवीणतेची तपासणी दर सहा महिन्यांनी लागते, त्यामुळे घरी बसून रेटिंग शिळं होतं आणि ताजं करायला पुन्हा सिम्युलेटरचं भाडं. पैसे भरायचेच असतील तर आधी दोन कागद मागा. त्या संस्थेची डीजीसीए मान्यता आणि तुम्ही ज्या सिम्युलेटरवर बसणार आहात त्याची मान्यता. परदेशातलं सिम्युलेटर असेल तर दुसरा कागद जास्त महत्त्वाचा.

कंपनीच्या खर्चाने करणार असाल तर बॉण्ड नीट वाचा. शिवाय २०१७च्या नियमाप्रमाणे कमांडरला एक वर्ष आणि को-पायलटला सहा महिने नोटीस द्यावी लागते. पेपर्स टाकून सुटायला वेळ लागतो हे आपल्याला नवीन नाही.

टाइप रेटिंग

याचे टप्पे सांगतो. आधी वर्ग: विमानाची यंत्रणा, कामगिरीचं गणित, लेखी परीक्षा. मग स्थिर ट्रेनर, जिथे काही हलत नाही आणि फक्त बटणं व क्रम हाताला लागतो. मग हलणारं पूर्ण सिम्युलेटर. मग परीक्षकासमोर कौशल्य चाचणी. त्यानंतर खऱ्या विमानावर प्रवाशांशिवाय टेक-ऑफ आणि लँडिंगं, मला सहा करावी लागली. शेवटी परवान्यावर नोंद. त्यापुढे प्रवाशांसह, प्रशिक्षक कॅप्टनच्या शेजारी बसून लाइन ट्रेनिंग.

वर्गात जाण्याआधी एक काम घरी करा. कॉकपिटचा मोठा फोटो छापून भिंतीला लावा आणि खुर्चीत बसून हात नेण्याचा सराव करा. ओव्हरहेड पॅनेलचा क्रम, मेमरी आयटम (संकटात न वाचता करायच्या पाठ कृती), प्रत्येक टप्प्यावरची वाक्यं. ही वाक्यं इंग्रजीत, ठरलेल्याच शब्दांत म्हणायची असतात. आपण अर्थ बरोबर पण शब्द वेगळे बोलतो, आणि शेजारचा माणूस ठरलेल्या शब्दाची वाट बघत राहतो.

सिम्युलेटरमधल्या माझ्या चुका लिहितो, कारण एएन-३२वरच्या जवळजवळ प्रत्येकाने त्याच केल्या आहेत.

पहिली, मागचा माणूस शोधणं. आपल्याकडे फ्लाइट इंजिनिअर असतो, नेव्हिगेटर असतो. ए-३२०त मागे कोणी नाही. इंजिनाचा आकडा बघायला मी मान वळवली आणि मला शेजारच्या मुलाचा खांदा दिसला. ते काम आता ईसीएएमचा पडदा करतो, आणि तो वाचून दाखवायला फक्त आपण दोघे असतो.

दुसरी, हाताचा वेग. टेक-ऑफनंतर लगेच डाव्या इंजिनाला आग. माझा हात थेट इंजिन बंद करण्याच्या मास्टर स्विचकडे गेला. शेजारी गोंदियाहून सीपीएल केलेला २४ वर्षांचा मुलगा होता. त्याने नुसतं "कन्फर्म?" विचारलं आणि माझा हात थांबला. ४०० फुटांच्या खाली विमान नीट उडवण्यापलीकडे काही करायचं नसतं. त्यानंतरही थ्रस्ट लिव्हर, मास्टर स्विच, फायर बटण, प्रत्येकावर हात ठेवून दुसऱ्याचा होकार घ्यायचा. चुकून चांगलं इंजिन बंद करणं कोणालाही जमतं, अनुभव असेल तर जरा लवकर जमतं.

तिसरी, थ्रस्ट लिव्हर. ऑटोथ्रस्ट चालू असताना इंजिनाची ताकद आपोआप वरखाली होते, पण लिव्हर क्लाइंबच्या खाचेत तसेच उभे राहतात. हाताला काही कळत नाही, डोळ्यांनी बघावं लागतं. विमान वळवायच्या बाजूच्या दांडीचं, साइड-स्टिकचंही तसंच. शेजाऱ्याने त्याची स्टिक किती दाबली हे आपल्या स्टिकला जाणवत नाही. म्हणून "आय हॅव कंट्रोल" हे मोठ्याने, आणि समोरच्याचं "यू हॅव कंट्रोल" ऐकूनच. पडद्याच्या वरच्या पट्टीत विमान कोणत्या मोडमध्ये आहे ते लिहिलेलं असतं. ती प्रत्येक बदलाला वाचून बोला. मला हे सुरुवातीला पोरकट वाटलं. चौथ्या सेशनला, मोड बदलला आहे हे न बघता मी उतरत राहिलो, तेव्हा वाटेनासं झालं.

चौथी, आणि हीच सगळ्यात चिवट: उतरायचंच. अरुणाचलातल्या काही दऱ्यांमधल्या धावपट्ट्यांवर एका टप्प्यानंतर परत फिरायला जागाच नसते. तिथे आपलं मन तसं घडलं. खाली रेशनची वाट बघणारी माणसं असायची, त्यामुळे घडलं ते चुकीचंही नव्हतं. नागरी उड्डाणात ढगात १००० फुटांवर वेग, उतरण्याचा दर, फ्लॅप्स, सगळं ठरल्याप्रमाणे नसेल तर गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर. कोणी जाब विचारत नाही. माझा अप्रोच १००० फुटांवर ठरल्यापेक्षा जास्त वेगाचा होता आणि मी "दुरुस्त होतंय" म्हणालो. प्रशिक्षकाने सिम्युलेटर थांबवलं. "सर, होईलच दुरुस्त. मला माहीत आहे. पण शेजारच्याला ते कसं कळणार?"

रशियन विमानांवरून येणाऱ्यांना किलोमीटरमधून नॉटमध्ये यायला आठवडाभर लागतो. त्याची काळजी नको, आपोआप होतं.

लढाऊ विमानांवरच्या मित्रांना वेगळीच अडचण येते. त्यांचे हात अप्रतिम असतात, पण दुसऱ्या माणसाला काम देण्याची सवय नसते. त्यांनी सिम्युलेटरआधी काही दिवस कोणाशी तरी जोडीने बसून फक्त बोलण्याचा सराव करावा. हेलिकॉप्टरवाल्यांना विमानाचे तास स्वतंत्र लागतात, हा हिशोब लांबचा आहे. त्यातले बरेच जण हेलिकॉप्टरचाच नागरी परवाना काढून जुहूहून मुंबई हायला जाणाऱ्या उड्डाणांकडे वळतात आणि मला वाटतं शहाणपणा करतात.

लाइनवर

वयाच्या ६५ पर्यंत उडता येतं, तेव्हा ४३व्या वर्षी उजव्या सीटवर बसणं हा तोटा नाही. माझा पहिला कॅप्टन माझ्यापेक्षा तेरा वर्षांनी लहान होता. दोघेही एकमेकांना "सर" म्हणत होतो. शेवटी त्यानेच नावाने हाक मारायला सांगितलं.

नवं लॉगबुक पहिल्या दिवसापासून त्याच संध्याकाळी भरा. पुणे आणि गोव्यातलं दाबोळी इथे जाल तेव्हा थोडं सांभाळा. लोहगाव हवाई दलाचं, दाबोळी नौदलाचं, टॉवरवर आपलीच माणसं. मला एकदा लोहगावला टॅक्सी करताना ओळखीचा आवाज आला, त्यानेही माझा ओळखला असावा, कारण क्लिअरन्स नेहमीपेक्षा जरा जलद आला. मी "रॉजर" म्हणून सोडून दिलं. कॅप्टनने काही न बोलता बोटाने होल्डिंग पॉइंटच्या (धावपट्टीआधी थांबायच्या जागेच्या) नावाकडे खूण केली. पूर्ण रीडबॅक दिला, म्हणजे क्लिअरन्स शब्दशः परत म्हणून दाखवला, मग पुढे निघालो.